पांढऱ्या दगडाच्या अलीकडे

३ मार्च

चि. धाकट्यास,

थोरल्याचे आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? दिवसभर शिवणयंत्रं दुरुस्त करत उकिडवं बसायचं म्हणजे गुडघा बोलणारच. खाली एक पाट घेत जा. धाकटीची पाठ आता कशी आहे? तिला वाकून बादल्या उचलू देऊ नकोस. चष्मेवालीचा नंबर वाढला असं ऐकलं. पंधरा वर्षांच्या पोरीला एवढा जाड चष्मा म्हणजे ती अभ्यास तरी फार करते नाहीतर अंधारात गोष्टी तरी वाचते. दुसरं असेल तर माझ्यावर गेली म्हणायची. आणि बोबड्याचे पुढचे दात आले का पूर्ण? त्याला मी फोटोतच पाहिला आहे, दात नसलेलाच.

हे सगळं मला कसं कळतं म्हणशील. दर रविवारी दुपारी तुझी बायको, आपली धाकटी, तुझ्या वहिनीला फोन करते. तुला ठाऊक नाही असं त्या दोघींना वाटतं. तुला ठाऊक आहे असं मला वाटतं. मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसतो आणि कान तिकडे ठेवतो. वर्तमानपत्र पुष्कळदा उलटं असतं.

मी फोन केला की तू ठेवून देतोस. म्हणून हे पत्र. कागद ठेवून देता येत नाही, फार तर फाडता येतो. आणि फाडताना माणूस दोन ओळी तरी वाचतोच.

इकडची खुशाली. तुझ्या वहिनीचे हात हिवाळ्यात सुजले होते, आता उतरले. मी बरा आहे. दात तेवढे कमी होत चाललेत, तोंडातली गर्दी हटली. आई खिडकीशी पडून असते. जानेवारीत एकदा आणि मागच्या महिन्यात एकदा तिचा डावा हात गेल्यासारखा झाला नि परत आला. डॉक्टर म्हणतात, आता महिने मोजू नका, आठवडे मोजा. आठवडा हा शब्द त्यांनी फार हळू उच्चारला. मला काही वाटलं नाही. मी त्यांना दारापर्यंत सोडलं आणि भांडी विसळली.

आईची आठवण उलटी चालली आहे. सकाळी ती आजची असते. दुपारपर्यंत आपण दोघं शाळेत जायला लागतो, संध्याकाळी तिचं लग्नही झालेलं नसतं. पण सकाळचा तासभर ती लख्ख असते, आणि त्या तासात ती तुझं नाव घेते. अकरा वर्षांत पहिल्यांदा. परवा म्हणाली, "त्याला मी बोलले ते फार झालं. त्याला एकदा बघू दे." मग म्हणाली, "पण तो यायचा नाही. मी बोललेच तसं."

एकदा येऊन जा. "आईला कोणतं तोंड दाखवू?" असं तू धाकटीला म्हणतोस, तेही रविवारच्या फोनात आलं. तुझ्या तोंडाला काही झालेलं नाही. त्याबद्दल मला तुला एक सांगायचं आहे. पुढच्या पत्रात लिहितो.

नव्या पुलाचं काम संपत आलं. एकतीस तारखेला आपली नदीवरची नाव बंद होणार.

तुझा,
थोरला

१२ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. गुडघा, पाठ, चष्मा, दात, सगळं ठीक असेल असं धरून चालतो.

उत्तर आलं नाही. नऊ दिवस म्हणजे काही फार नाहीत.

पुलाचे इंजिनिअर परवा नावेतून पलीकडे गेले. चांगला माणूस, पण पाण्याला घाबरतो. दोन्ही हातांनी फळी धरून बसला होता. मी नेहमीसारखी नाव काठाकाठाने वर चढवायला लागलो तर म्हणाला, "अहो काका, धक्का तर समोर दिसतोय. आपण उलट्या दिशेला कुठं चाललोय?"

मी म्हटलं, "साहेब, समोर दिसतंय त्याच्याकडे सरळ निघालं की माणूस तिथं पोचत नाही. धार खाली ओढते. जेवढं वाहायचं, तेवढं आधी चढायचं. पांढरा दगड आला की मग धारेत घालायची, आणि नाव आपोआप धक्क्याला लागते."

तो म्हणाला, "तो पांढरा दगड का? तो आमच्या रस्त्यात येतोय. चार एप्रिलला सुरुंग लावतोय त्याला."

बाबांनी हे ऐकलं असतं तर त्याला तिथंच उतरवला असता. तुला आठवतं, तू परीक्षेला निघालास की ते दारातून ओरडायचे, "दगड आला का?" म्हणजे पुरेशी तयारी झाली का. तुझ्या वहिनीने चुलीवरचं पातेलं लवकर उतरवलं तरी तेच. चष्मेवाली बसायच्या आधी चालायला बघायची तेव्हा तिलाही तेच. त्यांच्या सगळ्या शहाणपणाचं गाठोडं त्या तीन शब्दांत मावत होतं.

दगड गेला की बाबा गेले त्या दिवसाची एकच खूण होती तीही जाणार. मग मी काहीही म्हटलं तरी कुणाला दाखवता येणार नाही.

त्या दिवसाबद्दल लिहायला मी गेले तीन दिवस बसतो आहे. पहिल्या दिवशी शाई सुकली म्हणून उठलो. दुसऱ्या दिवशी कुणी हाक मारल्यासारखं वाटलं म्हणून उठलो. कुणी मारली नव्हती. चौथीत शाळा सुटली तरी प्रवाशांनी नावेत विसरलेली पुस्तकं वाचून मी इतकं शिकलो, लोकांच्या मुलांची नोकरीची पत्रं लिहून दिली, आणि स्वतःच्या भावाला चार ओळी जमत नाहीत.

चौकशीत मी सांगितलं होतं तसं सगळं घडलं नव्हतं. आज एवढंच.

थोरला

२० मार्च

चि. धाकट्यास,

आज आधी कुणाची चौकशी करत नाही. केली की त्यातच कागद संपतो.

माझा चौकशीतला जबाब मला तोंडपाठ आहे. "आम्ही पांढरा दगड गाठला होता. त्यानंतर नाव धारेत घातली. मध्यावर वल्ह्यांना जोर पडला नाही. वल्ही माझा धाकटा भाऊ मारत होता." साहेब लिहून घेत होते. तू बाकावर माझ्या शेजारी बसला होतास. तुझ्या तळहातांना फडकी गुंडाळलेली होती. तुला विचारलं तेव्हा तू म्हणालास, "दादा म्हणतो तसंच असेल. माझेच हात कमी पडले."

दगड गाठला नव्हता.

आता नीट क्रमाने सांगतो. बाबांना सकाळी घरघर लागली. आपण त्यांना घोंगडीत गुंडाळून नावेत निजवलं, पलीकडच्या दवाखान्यात न्यायला. पाणी चढलेलं होतं. घाटाच्या पायऱ्या बुडालेल्या, काठाच्या ओळखीच्या खुणा पाण्याखाली, वर धुकं. दिसत होता तो एक दगड, आणि तोही फक्त मला. मी सुकाणूवर होतो, तोंड पुढे करून. तू वल्ह्यांवर, दगडाकडे पाठ करून. वल्ह्यावरच्याने मान वळवायची नाही, मान वळली की एक हात ढिला पडतो, हा बाबांचाच नियम. तू तो लहानपणापासून पाळलास. सुकाणूवाला "घाल धारेत" म्हणेल तेव्हाच घालायची.

बाबांचा श्वास मला ऐकू येत होता. दगड अजून दोनशे पावलं वर होता. चढलेल्या पाण्यात तर दगडाच्याही पुढे जावं लागतं. तेवढं चढायला दहा मिनिटं लागली असती. माझ्या मनात आलं, दहा मिनिटं वाचतील.

बाबांनी घोंगडीतूनच विचारलं, "दगड आला का?"

मी म्हणालो, "आला, बाबा."

त्यांनी डोळे मिटले. त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवून डोळे मिटले, हे मी पाहिलं.

मग मी तुला म्हणालो, "घाल धारेत." आणि तू म्हणालास, "एवढ्यात?"

हे तुला आठवत असेल. मी काय उत्तर दिलं तेही आठवत असेल. मी म्हणालो, "आज तुझे हात जोरात चाललेत." आणि तू हसलास. माझ्याकडून कौतुक तुला कधी मिळालं नव्हतं.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. धक्का डाव्या हाताला सरकायला लागला, मग मागे पडला. तू ओढत होतास. तळहात फाटले तरी ओढत होतास. तिथून कुणाच्याही बापाच्याने ती नाव धक्क्याला लागली नसती. खाली जुन्या पुलाचे मोडके खांब, त्यांच्यावर नाव आदळली. मला एक खांब सापडला, तुला दुसरा. बाबा कुणालाच सापडले नाहीत.

मी हे आधीच ठरवून बोललो नव्हतो. साहेबांनी विचारलं, "दगड गाठला होता का?" आणि तोंडातून "हो" गेलं. बाबांनाही तेच सांगितलं होतं, जिभेला तेवढंच ठाऊक होतं. पण नंतरची अकरा वर्षं मी रोज ठरवून गप्प बसलो आहे. ते अनवधानाने झालं असं म्हणायला तोंड नाही.

तुझा नाव चालवायचा परवाना गेला. आई तुला दारात म्हणाली, "तुझ्या हातांत माणूस दिला होता, तू वाहू दिलास." मी तिच्या मागे उभा होतो. दोन पावलं मागे. एक शब्द बोललो असतो तर पुरला असता. पाचव्या दिवशी तू बायको-पोर घेऊन निघून गेलास, नळाशिवाय पाणी दिसत नाही अशा गावी. मी तुम्हाला वेशीपर्यंत सोडायलाही आलो नाही. तुम्ही लांबच्या रस्त्याने गेलात, नावेत बसायचं नको म्हणून.

हे लिहून झाल्यावर रडू येईल असं वाटलं होतं. थंड पाण्यात हात फार वेळ राहिला की बोटं आपली वाटत नाहीत, तसं झालंय. चिमटा काढला तरी दुसऱ्याला काढल्यासारखं. कागद वाळू दिला आणि घडी घातली.

आता तरी ये. आईसमोर मी उभा राहीन.

थोरला

२९ मार्च

चि. धाकट्यास,

तुझा गुडघा, धाकटीची पाठ, दोन्ही मुलं, सगळ्यांना क्षेम असो.

मागचं पत्र मिळालं असेल. वाचून तू मला शिव्या दिल्या असशील तर बरंच. लिहून पाठव. शिव्यांनाही उत्तर म्हणतात.

मी तीन ठिकाणी बोललो. क्रमाने लिहितो.

पहिली तुझी वहिनी. ती कपड्यांच्या घड्या करत होती. मी सांगितलं. तिने सगळ्या घड्या पूर्ण केल्या. मग म्हणाली, "अकरा वर्षं त्या पोराला मी मनातून बोल लावले. ते आता परत कुठं देऊ?" तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. चहा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवते आणि कट्ट्यालाच सांगते, "चहा निवतोय."

दुसरी कचेरी. नदीखात्यात आता एक बाई बसतात, चष्मा नाकाच्या टोकावर. म्हणाल्या, "काका, काय काम?"

"जबाब दुरुस्त करायचाय. अकरा वर्षांपूर्वीचा."

"नावात चूक आहे की पत्त्यात?"

"ते दोन्ही बरोबर आहे. बाकीचं चूक आहे."

"बाकीचं दुरुस्त करायचा फॉर्म नाही आमच्याकडे. तक्रारीचा आहे."

"तो द्या."

"कुणाविरुद्ध?"

"माझ्याच."

त्यांनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे अर्जदार तुम्ही आणि ज्याच्याविरुद्ध अर्ज तोही तुम्हीच? मग नोटीस कुणाला काढू?"

"मलाच काढा. वीतभर तर अंतर आहे, हातोहात देऊन टाका."

त्या हसल्या. मीही हसलो. मग मी लिहून दिलं आणि त्या वाचायला लागल्या. वाचून झाल्यावर त्यांनी दोन शिक्के मारले, एक प्रत मला दिली आणि म्हणाल्या, "नाव बंद होतेय, काका. यातून आता काही होणार नाही." मी म्हटलं, "नको होऊ दे. कागदावर असू दे." पोच या पत्राला जोडली आहे. जपून ठेव.

परत येताना धक्क्यावरच्या टपरीत थांबलो. टपरीवाल्याच्या हातून पेला निसटला आणि बाकावरून कुणीतरी ओरडलं, "धाकट्याचे हात रे!" ही म्हण तुझ्या पाठीमागे इथं रुजली आहे, तुला ठाऊक नसेल. कुणाच्या हातून काही पडलं की म्हणायचं, धाकट्याचे हात. आता ज्यांनी तुला पाहिलंही नाही तेसुद्धा म्हणतात. मीही ऐकून चहा पीत बसायचो. त्या दिवशी म्हणालो, "धाकट्याचे हात शाबूत होते. थोरल्याचं तोंड म्हणा."

टपरीवाला म्हणाला, "म्हातारबा, उन्हात फिरलात काय?" मी बसून सगळं सांगितलं. मध्येच दोघं उठून गेले. एक म्हणाला, "आता कशाला उकरायचं? जुनं मढं." मी म्हटलं, "मढं सापडलंच नाही, तोच तर घोटाळा आहे." टपरीवाल्याने माझ्याकडून चहाचे पैसे घेतले. तीस वर्षांत कधी घेतले नव्हते.

तिसरी आई. मुद्दाम शेवटी ठेवली असं नाही. भ्यालो, असं लिही म्हणालास तर तसं लिहितो.

सकाळच्या लख्ख तासात तिच्या उशाशी बसलो. तुझी वहिनी दारात उभी राहिली, मी मध्येच पळू नये म्हणून असेल. मी सगळं सांगितलं. आई छताकडे बघत होती. तशीच बघत म्हणाली, "त्यांनी विचारलं होतं? दगड आला का म्हणून?"

"हो."

"आणि तू काय म्हणालास?"

"आला म्हणालो."

मग म्हणाली, "त्यांना बरं वाटलं असेल."

एवढंच. मला मारलं असतं तरी चाललं असतं. तिचा उजवा हात अजून चालतो. दुपारी ती पुन्हा मागे गेली आणि मला शाळेचं दप्तर कुठं टाकलंस असं विचारलं. मी म्हटलं, नावेत राहिलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडताच म्हणाली, "त्याला लिहिलंस?"

"लिहिलं. उत्तर नाही."

"मग परत लिही. एका हाकेत कधी नाव आलीय का रे?"

तुला आठवतं ना ते. पलीकडच्या काठावरून नाव बोलवायची तर तीन हाका. पहिली कुत्रा ऐकतो, दुसरी नावाडी, आणि तिसरीला नाव हलते. खरं सांगितल्यापासूनची ही दुसरी समज. कुत्र्याच्या पुढे तरी जाऊ दे.

थोरला

५ एप्रिल

चि. धाकट्यास,

हे पत्र तू वाचणार नाहीस, हे आता मला माहीत आहे. तरी लिहितो. सवय लागली.

एकतीसला नाव बंद झाली. पुलावर फीत कापली, भाषणं झाली. मी नाव उलटी करून काठावर ठेवली. तीन तारखेला सकाळी सरळ केली आणि एकटाच निघालो. एकट्याला सुकाणूवर बसून चालत नाही. वल्ह्यांवर बसावं लागतं. तीस वर्षांत मी त्या फळीवर बसलो नव्हतो, तू गेल्यावरही रोजंदारीची पोरं बसवली. ती तुझी जागा.

काठाकाठाने वर चढायला लागलो. पाठ पुढे, तोंड मागे. समोर दिसत होतं ते फक्त मागे पडत जाणारं. आपलं घर लहान झालं, टपरी लहान झाली. मानेला इतकी खाज सुटली वळून बघायला! वळलो नाही. मनात अंदाज बांधत होतो, आता आला असेल दगड, आता आला असेल. आणि मग तो मला दिसला, माझ्या समोर, तीस-चाळीस पावलं मागे पडलेला. कधी ओलांडला ते कळलंच नाही. वल्ह्यावरच्याला दगड ओलांडल्यावरच दिसतो.

अकरा वर्षं मी स्वतःला एक गोष्ट सांगत आलो होतो. तूही चोरून वळून पाहिलं असशील, दगड आला नाही हे तुलाही कळलं असेल, आणि तरीही तू नाव घातलीस, म्हणजे निम्मी चूक तुझी. त्या निम्म्यावर मी झोपत होतो. त्या फळीवर बसल्यावर ते निम्मंही गेलं. तुझ्या हातांना तेवढं कळलं होतं. "एवढ्यात?" हे तुझ्या हातांनी विचारलं होतं. मी कौतुक करून त्यांचं तोंड बंद केलं.

काल अकरा वाजता दगड उडवला. खिडकीची तावदानं हलली. आईने विचारलं, "काय झालं?"

"पांढरा दगड फोडला."

ती म्हणाली, "मग आता नावा कुठवर चढवायच्या?"

आज रविवार. धाकटीचा फोन आला. या खेपेला तुझ्या वहिनीने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "घ्या, उलट्या वर्तमानपत्राआडून ऐकण्यापेक्षा सरळ ऐका." अकरा वर्षांनी धाकटीचा आवाज समोरून ऐकला. तिने मला दादा म्हटलं. मग म्हणाली, "ते तुमची पत्रं फाडत नाहीत हो. उघडतही नाहीत. दुकानात एक मोडकं यंत्र आहे, त्याच्या खणात ठेवतात. चारही तशीच आहेत. मी उघडायला गेले तर म्हणाले, 'दादा काय लिहिणार ते मला पाठ आहे. तुझी चूक माफ केली, ये, असं लिहिलं असेल. मला ती माफी झेपायची नाही.'"

मी म्हटलं, "त्यात तसं नाहीये."

"मग काय आहे?"

तोंड उघडलं होतं. तिला फोनवर सांगता आलं असतं. मग मनात आलं, हे पुन्हा एका माणसाच्या कानात, चार भिंतींत, आणि ते त्याच्यापर्यंत पोचवायचं ओझं त्या बिचारीवर. चौकशीत मी सगळ्यांसमोर बोललो होतो. म्हटलं, "कळेल तुम्हाला. सगळ्यांनाच कळेल."

चूक माझीच झाली, पाकिटं वापरली. लाज होती म्हणून डिंक लावला. उद्या टपालकचेरीत जातो. डॉक्टर सकाळी येऊन गेले, या वेळी आठवडा हा शब्द त्यांनी वापरला नाही.

थोरला

६ एप्रिल
(कार्डावर)

चि. धाकट्यास आशीर्वाद.

कार्डावर जागा थोडी, म्हणून गुडघा, पाठ, चष्मा, दात सगळ्यांची चौकशी एका दमात. आई अजून आहे. सकाळी तासभर शुद्धीत असते.

पुढचं ज्याच्या हातात हे कार्ड पडेल त्याने वाचावं. पोस्टमन, दुकानातले लोक, धाकटी, मुलं, सगळ्यांनी. चष्मेवालीने बापाला मोठ्याने वाचून दाखवावं.

बाबा बुडाले त्या दिवशी पांढरा दगड आला नव्हता. बाबांनी विचारलं, मी आला म्हणालो, आणि दोनशे पावलं अलीकडेच नाव धारेत घालायला लावली. चौकशीत मी खोटं बोललो. तुझे हात बरोबर चालले होते. ते शेवटपर्यंत सुटले नाहीत. माफी तू मागायची नाहीस, मी मागायची आहे.

आईला सगळं सांगितलं आहे. रोज सकाळी विचारते, धाकटा निघाला का.

ही तिसरी हाक. ऐकू आली एवढं तरी उलट टपाली लिही, एक शब्द पुरे.

तुझा भाऊ,
त्या दिवशी सुकाणूवर होता तो